पेलिऑन पर्वत : पुराणकथा आणि आख्यायिका

पेलिऑन हा ग्रीसच्या थेसली प्रदेशातील पर्वत. एका बाजूला एजियन समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पागासाईचे आखात, अशा जागी तो उभा आहे. सर्वोच्च शिखराची उंची १,६२४ मीटर. पायथ्याशी व्होलोस हे बंदर असून सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसन या वीराचे इओल्कस नगर याच परिसरात होते. समुद्राकडच्या उतारांवर भरपूर पाऊस पडतो, त्यामुळे बीच आणि चेस्टनटची दाट राने तिथे आहेत. इथल्या कथांमध्ये लाकूड, औषधी मुळ्या आणि गुहा पुन्हा पुन्हा येतात, त्या या रानामुळेच. ऑलिंपस हे देवांचे घर म्हणून सर्वांना माहीत असते. पण देव आणि माणसे एका पंगतीला बसली ती पेलिऑनवर, आणि म्हणून ग्रीक कथांच्या वाचकाने या डोंगराकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

अर्धे मानव, अर्धे घोडे असलेले सेंटॉर याच रानात राहत. ढगापासून घडवलेल्या स्त्रीपासून लॅपिथांचा राजा इक्सिऑन याला झालेला मुलगा पेलिऑनच्या पायथ्याला घोड्यांच्या माद्यांशी रत झाला आणि त्यातून ही जमात जन्मली, असे ग्रीक कवी पिंडार सांगतो. शेजारच्या लॅपिथ लोकांचा राजा पिरिथूस याच्या लग्नात दारू चढल्यावर सेंटॉरांनी नवरीवरच हात टाकला. त्यातून पेटलेली लढाई पुढे अथेन्सच्या पार्थेनॉनवर आणि ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरावर कोरली गेली.

कायरनही सेंटॉरच, पण या जमातीत जन्मलेला नव्हे. तो क्रोनस आणि फिलिरा यांचा मुलगा, म्हणजे झ्यूसचा सावत्र भाऊ, आणि अमर. त्याच्या गुहेत जेसन वाढला, अकिलीस शिकला, वैद्यकाचा देव मानला गेलेला अस्क्लेपियसही तिथेच तयार झाला. होमर त्याला सेंटॉरांमधला सर्वांत न्यायी म्हणतो. ‘इलियड’मध्ये जखमी ग्रीक योद्धा युरिपिलस अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याला विनवतो, की कायरनने अकिलीसला आणि अकिलीसने तुला शिकवलेले औषध माझ्या जखमेवर लाव. पॅट्रोक्लस मांडीतला बाण कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो आणि एक कडू मुळी हाताने चुरून जखमेवर दाबतो. वेदना थांबते, रक्त थांबते. ट्रॉयच्या रणभूमीवर पोचलेली ही पेलिऑनची विद्या आहे. पुढे हेराक्लीसचा विषारी बाण चुकून कायरनलाच लागला. इतरांना बरे करणाऱ्या त्या वैद्याला स्वतःच्या जखमेवर उपाय सापडला नाही. अखेर त्याने अमरत्व सोडून मरण पत्करले.

ही श्रद्धा केवळ काव्यात राहिली नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एका वर्णनानुसार शिखरावर झ्यूसचे देवस्थान आणि जवळच कायरनची गुहा होती. व्याध ताऱ्याच्या उदयाला, ऐन उन्हाळ्यात, पुजाऱ्याने निवडलेले प्रतिष्ठित पुरुष वर चढत. अंगावर दाट लोकरीची नवी मेंढीकातडी असत, कारण वर थंडी फार. त्याच वर्णनात आणखी मोलाची माहिती आहे : कायरनचे वंशज म्हणवणारे एक घराणे औषधी मुळ्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे देत असे, बाहेर कुणाला सांगत नसे आणि उपचाराचे पैसे घेणे अधर्म मानत असे. कायरनच्या कथेमागे असे काही जिवंत वैद्यघराणे असावे, असे मानायला इथे चांगला आधार मिळतो.

पीलियस आणि सागरकन्या थेटिस, म्हणजे अकिलीसचे आईवडील, यांचे लग्न पेलिऑनवर, सर्व देवांच्या उपस्थितीत झाले. त्याआधी पीलियस थेटिसला धरायला गेला, तेव्हा ती आग, पाणी, सिंह, साप अशी रूपे बदलत राहिली. त्याने मिठी सोडली नाही, कारण ही युक्ती त्याला कायरननेच सांगितली होती. या लग्नात कलहदेवी एरिसने सफरचंद टाकले आणि त्याचे पर्यवसान ट्रॉयच्या युद्धात झाले. कायरनने अहेर म्हणून पेलिऑनच्या माथ्यावरच्या ॲश वृक्षाचा भाला दिला. पुढे तो अकिलीसकडे आला. पॅट्रोक्लसने मित्राची बाकी सगळी शस्त्रे अंगावर चढवली, पण हा भाला तेवढा मागे ठेवला. तो अकिलीसखेरीज कुणाला पेलत नसे.

थेटिसला पीलियसने धरले ती जागा पेलिऑनजवळच्या सेपिआस किनाऱ्यावर दाखवली जाई. इ. स. पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून आलेला इराणी सम्राट झर्क्सिस याचे आरमार तिथेच वादळात सापडले. किमान ४०० जहाजे गेली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. तीन दिवस वारा थांबेना, तेव्हा इराणी पुरोहितांनी आयोनियन ग्रीकांकडून ही कथा ऐकून थेटिसला बळी दिले. चौथ्या दिवशी वादळ शमले. कदाचित ते आपणहूनच थांबले असेल, अशीही पुस्ती हिरोडोटस जोडतो.

जेसनच्या आर्गो जहाजासाठीची झाडे याच डोंगरावर तोडली गेली. युरिपिडीसच्या ‘मेडिआ’ नाटकाच्या (इ. स. पू. ४३१) पहिल्याच ओळींत, जेसनने सोडून दिलेल्या मेडिआची दाई हळहळते, की पेलिऑनच्या दऱ्यांतले ते पाइन पडलेच नसते तर बरे झाले असते.

ओटस आणि एफिआल्टीस या राक्षसी भावांची कथा ‘ओडिसी’त आहे. नवव्या वर्षीच नऊ हात रुंद आणि नऊ वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी) उंच झालेल्या या पोरांनी ऑलिंपसवर ओसा आणि ओसावर पेलिऑन रचून स्वर्ग गाठायचे ठरवले. दाढीमिशा फुटण्याआधीच अपोलोने त्यांना मारले. होमरचा क्रम भूगोलाला धरून आहे : उत्तरेकडून दक्षिणेकडे हे तिन्ही पर्वत याच क्रमाने येतात आणि उंचीही त्याच क्रमाने घटत जाते. रोमन कवी व्हर्जिलने तो उलटा केला आणि पेलिऑन तळाशी घातला.

व्होलोसमध्ये बांधलेली आर्गोची प्रतिकृती २००८ मध्ये व्हेनिसपर्यंत वल्हवत नेण्यात आली. चित्रकार जॉर्जो दे कीरिको याचा जन्म १८८८ मध्ये व्होलोसचाच. त्याचे वडील पेलिऑनवर चढणाऱ्या अरुंद रेल्वेचे अभियंते होते, आणि त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत सेंटॉर येतात.