पगारातल्या ०.५८ टक्क्यांमागचा इतिहास

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात, नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून १ जुलै २०२३ पासून एक नवी कपात सुरू झाली. नाव 'डब्ल्यूए केअर्स', म्हणजे राज्य सरकारचा दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा, दर ०.५८ टक्के. वर्षाला एक लाख डॉलर पगार असेल तर ५८० डॉलर. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पंचविशीतल्या मुलालाही ती भरावी लागते, आणि त्याचा प्रश्न रास्त असतो: म्हातारपणी मला कुणीतरी आंघोळ घालावी लागेल, त्याचे पैसे आत्तापासून का?

इथे मुद्दा औषधोपचाराचा नाही. आंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं आणि लघवी-शौचावरचा ताबा, या सहा गोष्टींचा आहे. १९९६ च्या अमेरिकी कायद्याने या विम्याच्या करसवलतीच्या पॉलिसींसाठी मोजमाप ठरवलं ते असं: यातल्या किमान दोन गोष्टी ९० दिवस तरी स्वतःच्या स्वतः करता येणार नसतील, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे सतत कुणी सोबत लागत असेल, तर विम्याचा दावा लागू होतो. पुण्या-मुंबईत आपण ज्या कामासाठी ब्युरोतून बाई बोलावतो, तेच हे काम. पक्षाघातानंतर माझ्या आजोबांना पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर बसवायला दोन माणसं लागायची. एकाने मागून काखेत हात घालायचे, दुसऱ्याने समोरून त्यांच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवून उभं राहायचं. औषधांचं बिल दर महिन्याला यायचं, पण त्या दोन माणसांचा दिवस कुठल्याच बिलात नसायचा. आणि हे सगळं म्हातारपणीच लागतं असंही नाही. मोटारसायकलवरून पडून मणक्याला मार लागलेल्या तिशीतल्या माणसालाही हीच मदत लागते.

अमेरिकेत हा खर्च कुणी उचलायचा, याचं धड उत्तर सुरुवातीपासूनच नव्हतं. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना रोख मदत सुरू केली, पण सरकारी अनाथालयवजा 'पुअरहाऊस'मध्ये राहणाऱ्यांना त्यातून वगळलं. हेतू चांगला होता, ती कळकट घरं बंद पडावीत हा. झालं असं की मदतीचा चेक घेऊन माणसं खासगी निवासांत गेली आणि त्यातूनच नर्सिंग होमचा धंदा उभा राहिला. १९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आलं. ते इस्पितळातून बाहेर पडलेल्या रुग्णाच्या कुशल शुश्रूषेचा खर्च जास्तीत जास्त १०० दिवस उचलतं, तोही पहिल्या २० दिवसांनंतर रुग्णाचा वाटा धरून. नुसत्या सांभाळण्याचे पैसे देत नाही. ते देतं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, पण आधी निर्धन व्हावं लागतं. बहुतेक राज्यांत, राहतं घर वगैरे काही गोष्टी सोडल्या, तर एकट्या माणसाकडे साधारण २,००० डॉलरच उरलेले असावे लागतात. आयुष्यभर जमवलेलं आधी संपवा, मग सरकार येईल, ही ती व्यवस्था. मला ती निर्दय वाटते.

मधली पोकळी भरायला खासगी विमा पुढे आला. एजंट सांगायचे, तरुणपणी घ्या, हप्ता कमी बसेल. ते खरंही होतं, पण अर्धंच. कंपन्यांचा हिशेबच तीन ठिकाणी चुकला होता. बरेच विमाधारक मध्येच पॉलिसी सोडून देतील असं त्यांनी धरलं होतं, पण फारच थोड्यांनी सोडली. गुंतवणुकीवरचे व्याजदर घसरत गेले. आणि माणसं जास्त जगली, जास्त दिवस अंथरुणावर राहिली. हप्ता ठरावीक असेल असं लोकांना वाटायचं, पण करारात अख्ख्या गटाचा हप्ता वाढवायची मुभा होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत २०१६ मध्ये सरासरी ८३ टक्के वाढ झाली. डिसेंबर २०२२ पासून तिथे नवे अर्ज घेणंच थांबवलं. पेन ट्रीटी ही या विम्यातली जुनी कंपनी २०१७ मध्ये अवसायनात निघाली. यात सगळ्यात जास्त भरडला गेला तो लवकर शहाणपणा दाखवणारा. पंचेचाळिशीत पॉलिसी घेऊन वीस वर्षं हप्ते भरलेल्या माणसाला साठी ओलांडल्यावर पत्र येतं: वाढीव हप्ता भरा नाहीतर फायदे कमी करून घ्या. त्या वयात दुसरी कंपनी त्याला दारातही उभं करत नाही.

तरुणांनी आणखी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा २००८ चा केंद्रीय कायदा आरोग्य विमा आणि नोकरी यांनाच लागू आहे. दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यात येत नाही. फ्लोरिडाने २०२० मध्ये राज्यापुरती ही फट बुजवली. बाकी बहुतेक ठिकाणी अल्झायमरच्या धोक्याची चाचणी हौसेने करून घेण्याआधी विचार केलेला बरा.

सरकारी प्रयत्नही झाला. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या आग्रहाने २०१० च्या आरोग्य कायद्यात 'क्लास' ही याच विम्याची सरकारी योजना आली. शिकता शिकता नोकरी करणाऱ्या मुलांना महिन्याला अवघा ५ डॉलर हप्ता होता. पण योजना ऐच्छिक होती, आणि आजारी असलेल्यालाही नाकारता येत नव्हतं. मग धडधाकट तरुण येणार कशाला? आजारीच येतील, हप्ता वाढेल, उरलेसुरले धडधाकटही निघून जातील. ऑक्टोबर २०११ मध्ये ओबामा सरकारनेच हात टेकले आणि जानेवारी २०१३ मध्ये कायद्यातला 'क्लास'चा भाग रद्द झाला. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून हाच विमा सक्तीचा केला होता. जपानमध्ये हप्ता चाळिशीला सुरू होतो, जर्मनीत पहिल्या पगारापासून.

वॉशिंग्टनने २०१९ मध्ये कायदा करून सक्तीचा मार्ग धरला, पण एक खिडकी उघडी ठेवली: १ नोव्हेंबर २०२१ च्या आत खासगी पॉलिसी घेतली असेल तर सूट. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडमंडहून माझ्या मावसभावाचा फोन आला होता. ऑफिसात दुसरा विषय नव्हता, सगळे मिळेल ती स्वस्त पॉलिसी शोधत होते. लोक सूट मिळवून पॉलिसी सोडून देतील हे ओळखून कंपन्यांनी त्या राज्यात विक्रीच थांबवली. तरी जवळपास पाच लाख माणसं बाहेर पडली, त्यातली बरीचशी मोठ्या पगाराची. ज्यांच्या हप्त्यावर निधी उभा राहायचा, तेच निघून गेले. कपात जानेवारी २०२२ मध्ये सुरू व्हायची होती, ती दीड वर्ष पुढे ढकलावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये योजना ऐच्छिक करायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. तो मंजूर झाला असता तर 'क्लास'चंच पुन्हा झालं असतं, असं माझं मत आहे. मतदारांनी तो फेटाळला.

मिळणार किती? आयुष्यभरात ३६,५०० डॉलर, म्हणजे दिवसाला १०० डॉलर धरून एक वर्ष. पुढे महागाईप्रमाणे वाढ. फायदे सुरू होण्याची कायद्यातली तारीख जुलै २०२६ ची. नर्सिंग होममध्ये ही रक्कम काही महिन्यांत संपेल. पण घरी रोज दोन-तीन तास मदतीला बाई ठेवायची, न्हाणीघरात दांडे बसवायचे, घरच्या माणसालाच पगार द्यायचा, याला ती बरीच पुरते. कायमचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षं हप्ते भरावे लागतात.

तिथल्या मराठी मंडळींसाठी व्हिसाचा नियम महत्त्वाचा आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्यांना २०२३ पासून सूट मागता आली. ग्रीन कार्ड आलं की ती संपते आणि कपात सुरू होते. राज्य सोडून गेलेल्यालाही, किमान तीन वर्षं हप्ते भरले असतील तर, पुढे योजनेत राहता येईल अशी दुरुस्ती २०२४ मध्ये झाली.

मावसभावाने २०२१ मध्ये पॉलिसी घेतली नाही. नंतर व्हिसावर सूट घेतली, आणि २०२४ मध्ये ग्रीन कार्ड आल्यावर ती गेली. त्याची दहा वर्षं २०३४ ला भरतील, तेव्हा तो ४८ वर्षांचा असेल. मावशीसाठी नाशिकला दोन पाळ्यांत बाया येतात. त्यांचे पैसे तो त्याच पगारातून दर महिन्याच्या १ तारखेला पाठवतो.