सेदू केइता हरवले होते कधी?

“आफ्रिकेतल्या माली देशाचे छायाचित्रकार सेदू केइता यांना १९९० च्या दशकात पाश्चात्त्यांनी शोधून काढलं” हे वाक्य अजूनही फिरतंय. अहो, ते हरवले कुठे होते? १९४८ मध्ये त्यांनी मालीच्या राजधानीत, बामाकोत, फोटो स्टुडिओ थाटला आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. फोटोपुरतं मिरवायला घड्याळ, रेडिओ, युरोपीय सूट, सगळं स्टुडिओतच मिळायचं. मागचा पडदा म्हणजे सुरुवातीला चक्क त्यांच्या पलंगावरची चादर! फिल्म महाग, म्हणून बहुधा एकच फोटो. १९६२ मध्ये ते सरकारी छायाचित्रकार झाले.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांच्या फोटोंखाली ‘अनामिक’ छापलं गेलं. अज्ञान आयोजकांचं! पुढे या ‘अनामिका’चा माग काढत शोधणारा बामाकोत पोचला, तेव्हा मालिक सिदिबे या छायाचित्रकाराने फोटो ओळखून त्याला केइतांपाशी नेलं.