लाइट्स ऑफ न्यूयॉर्क (चित्रपट)

अथपासून इतिपर्यंत संवाद असलेला पहिला पूर्ण लांबीचा अमेरिकन बोलपट. वॉर्नर ब्रदर्सचा हा 57 मिनिटांचा गुन्हेगारीपट जुलै 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या स्ट्रँड थिएटरात झळकला. आदल्या वर्षीच्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये गाणी होती, बोलणे थोडेच होते, इथे पात्रे सतत बोलतात, किंबहुना जरा जास्तच.

दिग्दर्शक ब्रायन फॉय हा व्हॉडव्हिलचा, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या रंगमंचीय खेळांचा, नट एडी फॉय याचा मुलगा. व्हायटाफोनचे, म्हणजे वॉर्नरच्या तबकडीवरच्या ध्वनिपद्धतीचे, लघुपट करणे हे त्याचे काम. हाही दोन रिळांचाच व्हायचा होता, फॉयने तो वाढवला. खर्च सुमारे 23,000 डॉलर आला आणि उत्पन्न दहा लाखांवर गेले.

काळ दारूबंदीचा. गावाकडचे दोन न्हावी न्यूयॉर्कला येऊन दुकान थाटतात आणि ते दुकान चोरट्या दारूच्या धंद्याचा आडोसा निघते. नाइटक्लबचा मालक हॉक मिलर त्यांतल्या एडीचा काटा काढायला निघतो. कथा एवढीच, आणि तीही बेताची.

चित्रपट पाहावा तो कानांनी. आवाज तबकडीवर मुद्रित होई. त्यात नंतर काटछाट जमत नसे, म्हणून प्रसंग सलग घ्यावा लागे. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो ध्वनिरोधक खोपटात कोंडलेला असे, आणि मायक्रोफोन हलत नसल्याने नटही हलत नसत. हॉकच्या कचेरीतला प्रसंग याचा उत्तम नमुना आहे. त्याचे गुंड टेबलावरच्या टेलिफोनला खेटून बसतात, कारण माइक तिथेच कुठेतरी लपवलेला असावा. एडीला संपवण्याचा हुकूम हॉक शब्दाशब्दाला थांबत देतो. आज हसू येते. पण यंत्राच्या अटींवर अभिनय करणाऱ्या माणसांची धडपड इतकी उघडी क्वचितच दिसते. चकचकीत, महागड्या निर्मितीत ती झाकली गेली असती.

दुसरा न्हावी झालेला युजीन पॅलेट मात्र घरच्यासारखा बोलतो. त्याच घोगऱ्या आवाजावर तो पुढे 1930 च्या दशकात लोकप्रिय चरित्रनट झाला. फॉय पुढे वॉर्नरमध्येच कमी खर्चाच्या चित्रपटांचा विभाग सांभाळू लागला.