घागर वेळेत भरली पाहिजे

चैत्रात परभणीजवळच्या एका जत्रेत भाच्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. वाद्यांचे आवाज लॅपटॉपमधून निघत होते. तिसऱ्या गाण्याला स्पीकरमधून तडतड सुरू झाली. साउंडवाल्याने वायरी बदलून पाहिल्या. कोणी म्हणालं रॅम कमी आहे, कोणी म्हणालं नजर लागली. दुसरं निदान स्वस्तातलं, म्हणून पुढच्या कार्यक्रमाला की-बोर्डच्या स्टँडवर लिंबू-मिरची लटकली. तडतडही आलीच. भाचा वैतागून म्हणाला, "मामा, गेमिंगचा लॅपटॉप घेतलाय, लई भारीतला. टास्क मॅनेजर तर वीसच टक्के दाखवतंय!"

टास्क मॅनेजर म्हणजे प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी. तिच्या त्या वीस टक्क्यांनीच त्याला फसवलं होतं.

संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग, बहुधा सेकंदाला ४८,०००. ते एकेक पाठवणं परवडत नाही, म्हणून घागरी भरून पाठवतात. या घागरीला बफर म्हणतात. घागरीत १२८ आकडे मावत असतील तर साउंड कार्ड, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा भाग, ती २.६७ मिलिसेकंदांत रिकामी करतं. तोवर पुढची भरून तयार हवी. नसेल तर साउंड कार्ड वाट पाहत नाही. लाट मध्येच तुटते, स्पीकरच्या पडद्याला झटका बसतो आणि 'तड्' ऐकू येतं.

सेकंदाला अशा ३७५ घागरी. त्यातली एक चुकली तरी कानाला कळतं, पण सेकंदभराची सरासरी काढणाऱ्या टास्क मॅनेजरच्या आलेखाला त्याचा पत्ता नसतो. लातूरकरांना हे जास्त समजावायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लाखो लिटर पाणी आलं, तरी आपल्या दारात ते कधी येणार, हा प्रश्न निराळाच होता.

मग वीस टक्केच राबणारा प्रोसेसर घागर चुकवतो कसा? विंडोजमध्ये वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाने हाक मारली की प्रोसेसर हातातलं काम टाकून तिकडे धावतो. याला इंटरप्ट म्हणतात. तातडीचं तेवढं उरकून बाकीचं काम डीपीसी नावाच्या रांगेत लागतं, आणि ती रांगही साध्या प्रोग्रॅमच्या आधी संपवली जाते. प्रोसेसरच्या त्या कोअरवरचं (त्या भागावरचं) संगीताचं काम, म्हणजे थ्रेड, त्याची प्रायॉरिटी कितीही वरची असो, तोवर ताटकळतो. एखाद्या गबाळ ड्रायव्हरने, म्हणजे वाय-फायसारखा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, इथे पाच मिलिसेकंद खाल्ले की एक घागर गेलीच, कदाचित दोन. लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं तर कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते नावानिशी दिसतं. भाच्याकडे तो वाय-फायचा निघाला. वाय-फाय बंद केलं, तडतड थांबली.

घागरच मोठी का घेऊ नये? घ्यावी, नुसते ट्रॅक वाजवायचे असतील तर. पण १०२४ आकड्यांच्या बफरला २१ मिलिसेकंद लागतात. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या हवेत तेवढ्या वेळात आवाज साडेसात मीटर जातो. म्हणजे ऑक्टापॅडवर काठी इथे पडते आणि ठोका जणू मंडपाच्या पलीकडच्या खांबापाशी वाजतो. हाताने वाजवणाऱ्याला १२८ किंवा २५६ च बरे.

लॅपटॉप घेताना उन्हाचा हिशेबही मांडला पाहिजे. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच मंदावतो. उष्णता बाहेर पडते ती तापमानातल्या फरकाच्या जोरावर. आत ९५ अंश आणि दुकानातल्या एसीत २५, म्हणजे फरक ७० चा. मे महिन्यातल्या ४२ अंशांत तोच ५३ उरतो. थंड होण्याची ताकद चौथाईने घटली! म्हणून पातळ, देखण्या लॅपटॉपपेक्षा जाडजूड, मोठ्या पंख्याचा बरा. जुनी फिरती हार्ड डिस्क तर बेसच्या डब्याजवळ नकोच. थरथरीने तिचं वाचन अडखळतं. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं. जनरेटर बदलताना लॅपटॉपची बॅटरी आधार देते, पण चार्जर निघाल्यावर वेग मुद्दाम कमी करण्याची सेटिंग आधी बंद करून ठेवावी.

घेतल्यावर पहिली परीक्षा दुपारी दोनला, पत्र्याच्या शेडमध्ये, सलग तीन तास वाजवून. दुकानदार काउंटरवर हे करू देणार नाही, तेव्हा माल परत घेण्याची मुदत किती दिवसांची, ते पैसे देण्याआधी विचारावं.