मार आईला, ताटातूट मुलांची

1999 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बाईला तिच्या मुलीच्या बापानं बेदम मारलं. हात मोडला, बरगड्या मोडल्या, डोकं फुटलं. तान्ही मुलगी दुसऱ्या खोलीत पाळण्यात होती, मुलगा शाळेत. अँब्युलन्समध्ये चढण्याआधी तिनं शेजारणीला मुलं सांभाळायला सांगितली. तरी बालकल्याण खात्यानं मुलं उचलली, आणि मुलांची हेळसांड केल्याचा ठपका ठेवला तो तिच्यावरच! मुलं हाती यायला तीन आठवडे लागले.

घरातल्या मारहाणीचा मुलांवर परिणाम होतो, यात वाद नाही. 2011 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी अशा घरांतल्या मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसताच त्यांच्या मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, इतर मुलांपेक्षा जास्त पेटून उठला. उदास चेहऱ्याला मात्र तसं झालं नाही. युद्धावरून आलेल्या सैनिकांमध्येही असंच दिसतं. ही मुलं आजारी नव्हती. घरात टिकायचं तर बापाचा चेहरा वाचता यायला हवा, हे त्यांचा मेंदू शिकला होता.

आता अशा मुलाला अनोळखी माणसं आईपासून तोडून नेतात. त्याच्या मेंदूतली धोक्याची घंटा थांबवू शकणारं ओळखीचं माणूस बहुधा तीच असते.

2002 मध्ये न्यूयॉर्कमधले फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी मार खाणाऱ्या आईचीच मुलं उचलण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. 2004 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की मुलानं मारहाण पाहिली एवढ्यावरून आईनं हेळसांड केली असं होत नाही. मूल हलवण्यानं होणारी इजाही तोलायला हवी.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यानं 1999 मध्ये उलट वाट धरली होती. मारहाण मुलांच्या नजरेस पडणं हीच हेळसांड, असा कायदा केला. तक्रारींचा असा पूर आला, की वर्षभरात तो मागे घ्यावा लागला.

मूल हलवण्यावाचून गत्यंतर नाही अशीही घरं असतात. पण बदल बहुतेकदा बालकल्याण खात्याच्या फाइलीतल्या एका वाक्यापासून सुरू होतो. 'आई मुलांचं रक्षण करण्यात कमी पडली' याऐवजी 'बापानं मुलांसमोर आईचा गळा दाबला' असं लिहिलं, की घराबाहेर कोणाला काढायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय आईला एक प्रश्न विचारायला हवा: मुलांना वाचवायला तुम्ही काय काय करता? ब्रुकलिनमध्ये तो कुणी विचारला असता, तर फाइलीत पहिली नोंद त्या शेजारणीची झाली असती.