करडी वायर: टू-पोर्ट आणि थ्री-पोर्ट व्हॉल्व्हमधला खरा घोळ

ब्रिटनमध्ये बॉयलर आणि गरम पाण्याची टाकी असलेल्या घरांत बॉयलरचं पाणी रेडिएटरकडे की टाकीकडे जायचं, हे मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह ठरवतो. अशा घरांतून एक तक्रार ठरलेली येते: ‘व्हॉल्व्ह बदलला, रंग बघून वायरी जोडल्या, आणि आता भर जुलैत अंघोळीचं पाणी गार आणि रेडिएटर गरम!’ व्हॉल्व्ह खराब नसतो. टू-पोर्टची आकृती समोर ठेवून थ्री-पोर्ट जोडलेला असतो, आणि दोन्हींत करड्या रंगाची वायर असते, एवढंच.

टू-पोर्ट बहुतेकांना कळतो, म्हणून थोडक्यात. एक वाट, उघडी किंवा बंद. मोटर उघडते, वीज गेली की स्प्रिंग बंद करते. रेडिएटरसाठी एक, सिलिंडरसाठी एक, असे दोन बसवले की त्या मांडणीला एस-प्लॅन म्हणतात. (सिलिंडर म्हणजे इथे गॅसचं नव्हे, गरम पाण्याची टाकी. आपल्याकडून फोनवर सल्ला देणाऱ्या काकांना हे आधी सांगावं.) थ्री-पोर्टला तीन तोंडं: एबी मधून पाणी आत, ए कडून रेडिएटरला, बी कडून सिलिंडरला. एकाच व्हॉल्व्हवर दोन्ही कामं, हा वाय-प्लॅन. ही नावं हनीवेलची, पण आता सगळेच तीच वापरतात.

पाइपचा आकार, कंपनी, पितळेची चमक यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साध्या घराला २२ मिमी पुरतो, मोठ्या बॉयलरला २८. मोटरचं डोकं आडव्या रेषेच्या खाली येईल असा व्हॉल्व्ह लावू नये. स्पिंडल (व्हॉल्व्ह फिरवणारा दांडा) गळायला लागला की पाणी थेट विजेवर उतरतं.

आता करडी वायर.

टू-पोर्टमध्ये पाच वायरी असतात. तपकिरी आणि निळी मोटरच्या, हिरवी-पिवळी अर्थिंगची. करडी आणि नारिंगी या दोघींचा मोटरशी संबंधच नाही. त्या आतल्या एका छोट्या स्विचची दोन टोकं आहेत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की तो स्विच जुळतो. नेहमीच्या जोडणीत करडीला कायमचा फेज देतात, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर तोच फेज नारिंगीतून बॉयलर आणि पंपाकडे जातो. म्हणजे थर्मोस्टॅट बॉयलरला काही सांगत नाही. थर्मोस्टॅट व्हॉल्व्हला सांगतो, आणि वाट उघडल्यावर व्हॉल्व्ह बॉयलरला सांगतो.

थ्री-पोर्टमध्ये तपकिरी वायर नाही, तिथे पांढरी आहे. पांढरीवर खोलीच्या थर्मोस्टॅटचा फेज येतो: रेडिएटर हवेत. करडीवर येणारा निरोप वेगळाच आहे: सिलिंडरला उष्णता नको. हा निरोप दोन ठिकाणांहून येतो. प्रोग्रॅमरचं (वेळा ठरवणाऱ्या घड्याळ-स्विचचं) ‘गरम पाणी बंद’ हे टर्मिनल, आणि सिलिंडरच्या थर्मोस्टॅटचं ‘पाणी तापलं’ हे तिसरं टर्मिनल. ‘नको’ हे सांगायलाही इथे फेज लागतो, आणि हेच डोक्यात बसत नाही.

काहीच फेज नसताना स्प्रिंगमुळे व्हॉल्व्ह बी वर, म्हणजे सिलिंडरकडे असतो. नुसतं पाणी तापवायचं असेल तर व्हॉल्व्हला वीजच लागत नाही. सिलिंडरचा थर्मोस्टॅट बॉयलर आणि पंप परस्पर चालू करतो. बॉयलर-पंपाच्या त्याच जोडावर व्हॉल्व्हची नारिंगीही असते, म्हणून तेव्हा तिच्यावर बाहेरून फेज दिसतो. पांढरीवर फेज आला की व्हॉल्व्ह मध्यावर येऊन थांबतो, दोन्ही वाटा उघड्या. पांढरी आणि करडी दोन्हींवर फेज असेल तरच तो पुढे ए पर्यंत जातो, आणि तिथे पोचल्यावरच नारिंगीला आतून फेज मिळतो.

आता टू-पोर्टच्या सवयीने करडीला कायमचा फेज दिला तर? रेडिएटर एकदा चालू झाले की व्हॉल्व्ह ए वर जातो आणि तिथेच अडकतो, कारण करडीचा फेज त्याला धरून ठेवतो. नंतर पाणी तापवायला सांगितलं की बॉयलर पेटतो, पंप फिरतो, आणि सगळी उष्णता रेडिएटरमध्ये. मुख्य वीज बंद करून चालू केली की व्हॉल्व्ह बी वर परततो आणि सगळं ‘ठीक’ होतं, पुन्हा हीटिंग लावेपर्यंत. या लक्षणावर लोक तीन-तीन नवे व्हॉल्व्ह बसवतात.

उलट चूक, करडी मोकळी सोडणं. नवा वायरलेस कंट्रोलर घेतात, त्याला ‘गरम पाणी बंद’ टर्मिनल नसतं, मग ती वायर टेप गुंडाळून ठेवून देतात. लक्षण: हीटिंग एकटं चालतच नाही, गरम पाणीही चालू केलं तरच चालतं. व्हॉल्व्ह मध्यावर येऊन थांबलेला असतो आणि नारिंगी मेलेली असते. वाय-प्लॅनसाठी कंट्रोलर घेताना ते टर्मिनल आहे का, एवढं आधी बघा. ॲपचे रंग नंतर.

तपासताना मल्टिमीटर घ्या. खिशातला टेस्टर चुकीच्या वायरीवरही मंद पेटतो. नुसतं पाणी: पांढरी आणि करडी शून्य, नारिंगीवर फेज. नुसतं हीटिंग: तिन्हींवर फेज. दोन्ही: पांढरी आणि नारिंगीवर फेज, करडी शून्य. आणि सगळं बंद असताना करडीवर फेज सापडला, मोटरचं डोकं कोमट लागलं, तर तो बिघाड नाही. वाय-प्लॅन असाच असतो: हीटिंगवरून बंद केलेला व्हॉल्व्ह ए वरच बसून राहतो आणि मोटर थोडी वीज खात राहते. मला ही रचना कधीच आवडली नाही.

टू-पोर्टचा स्विच कोरडा असतो, त्याच्यात स्वतःचा फेज नसतो, याचा फायदा घ्या. ज्या बॉयलरचे थर्मोस्टॅट टर्मिनल कमी व्होल्टेजचे असतात, तिथे करडीला २३० व्होल्ट न देता दोन्ही वायरी थेट त्या टर्मिनलना जोडता येतात. थ्री-पोर्टची नारिंगी २३० व्होल्टच देते. ती अशा बॉयलरला लावली तर बोर्ड जळतो, मध्ये रिले (विजेवर चालणारा वेगळा स्विच) हवाच.

निवड विचाराल तर नव्या कामात एस-प्लॅन, डोळे मिटून. वरच्या मजल्याला तिसरा झोन (स्वतंत्रपणे चालू-बंद होणारा भाग) हवा तर आणखी एक टू-पोर्ट लावायचा. इंग्लंडमध्ये १५० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या घरात नव्या हीटिंगला किमान दोन झोन लागतातच. एक खर्च मात्र वाचवू नका: सगळे टू-पोर्ट बंद झाल्यावर बॉयलर थंड करायला पंप काही मिनिटं चालतो, त्या पाण्याला वाट म्हणून ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह हवा. थ्री-पोर्टमध्ये एक वाट कायम उघडी असते, म्हणून ही गरज लोकांच्या लक्षात येत नाही.

चालू असलेला वाय-प्लॅन उगाच उपटू नका. बहुधा फक्त मोटर जाते आणि ती एकटी मिळते. पूर्ण व्हॉल्व्ह आणायचा तर दुकानात ‘थ्री-पोर्ट द्या’ म्हणू नका. हनीवेलचा मध्यावर थांबणारा ४०७३ (वाय-प्लॅनला हाच हवा) आणि एका वेळी एकच वाट देणारा ४०४४ बाहेरून जुळे भाऊ दिसतात. आणि झाकण उघडण्याआधी ३ अँपिअरच्या फ्यूजचा स्विच बंद करा. ‘सगळं बंद’ असतानाही करडीवर फेज असतो, हे वर आलंच आहे.