लेंटकाळ आणि दुःखातील विश्वास (सातारा-सांगली)

ईस्टरआधीचा उपवास, प्रार्थना आणि आत्मपरीक्षणाचा ख्रिस्ती काळ म्हणजे लेंट. कॅथलिक मंडळी त्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस दिवसांचा हा काळ दिनदर्शिकेवर 46 दिवसांचा भरतो. 2026 साली तो 18 फेब्रुवारी ते 4 एप्रिल असा आला.

सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशनने काम केले, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशनने. डॉ. विल्यम वॉन्लेस 1889 मध्ये सांगलीत आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. या दोन्ही प्रोटेस्टंट मिशनांच्या मूळ परंपरेत लेंट सक्तीचा नव्हता. कॅथलिकांचे मात्र तसे नाही: कपाळाला राख, शुक्रवारी मांसाहार वर्ज्य आणि येशूच्या वधस्तंभाकडच्या प्रवासाचे स्मरण करणारी चौदा टप्प्यांची क्रूसाची वाट.

या काळातल्या उपदेशाचा गाभा म्हणजे दुःख सोसताना देवावर टाकलेला भरवसा. भरवसा म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा अर्थ अनेकदा काढला जातो. पण बायबलमधला पुरावा उलट आहे. वधस्तंभावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी ‘हा (दुःखाचा) प्याला टळू दे’ अशी विनवणी करतो आणि मगच देवबापाच्या इच्छेला मान देतो. वधस्तंभावर तो ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा टाहो फोडतो. हे शब्द बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभाचे आहेत, आणि तक्रारीने सुरू झालेले ते स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. गुड फ्रायडेच्या दुपारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते, त्यातला हा चौथा. विठोबाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला देवाला असा जाब विचारणे परके वाटू नये. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलेले कवी नारायण वामन टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्यातच राहिले. ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी 1917 मध्ये इथेच सुरू केला.

लेंट आणि तासगाव भागातला द्राक्षांचा हंगाम साधारण एकाच वेळी येतात. काढणीला आलेल्या बागेवर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की मणी तडकतात, घड कुजतात आणि वर्षभराची छाटणी, फवारणी, कर्ज सगळे अंगावर येते. शेडवर बेदाण्यासाठी टाकलेला माल भिजला तर तो काळा पडतो. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच आहे: द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. संदेष्टा नुकसान लपवत नाही, एकेक बाब मोजून सांगतो. जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात तर ही यादी समजावून सांगावी लागत नाही.

2020 चा गुड फ्रायडे 10 एप्रिलला, टाळेबंदीत आला. इस्लामपुरात त्याआधीच, मार्चमध्ये, करोनाचे रुग्ण सापडले होते. चर्च बंद असल्याने सात उद्गारांची उपासना घरात, मोबाईलवर झाली.

दुःखाला पापाची शिक्षा ठरवणारा उपदेशही या काळात कानी पडतो. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान पण दुःखाने गांजलेल्या माणसाच्या मित्रांनी तेच केले होते. ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो त्या मित्रांवर. आपल्याविषयी यथार्थ बोलला तो तक्रार करणारा ईयोबच, असे देव सांगतो.